दर उतरला, पण हिशोब कुणाच्या नावावर पडला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर खरेदी खात्यांच्या 'बचती'वर आलेला लेख वाचला. ऑनलाइन उलट लिलाव (ज्यात बोली वर चढण्याऐवजी खाली येत जाते) लावायचा, पुरवठादारांना एकमेकांशी झुंजवायचं आणि दर उतरवायचा, याचं त्यात मोठं कौतुक आहे. लेखकाने सगळं खरेदीच्या टेबलावरून पाहिलेलं दिसतं. माझी नोकरी कारखान्याच्या आवक तपासणीत झाली. ऑर्डरवर सही झाली की खरेदीवाल्यांचं काम संपायचं आणि माल गेटवर आला की आमचं सुरू व्हायचं. त्या बाजूने दिसलेलं कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे. कात्री लावायची तर खुशाल लावा, पण आकड्यांना लावू नका.

लेखात बचत मोजायची पद्धत दिली आहे: गेल्या वर्षीच्या दरातून यंदाचा दर वजा करायचा आणि वर्षभराच्या मागणीने गुणायचं. ही वजाबाकी ऑर्डर निघते त्याच दिवशी पूर्ण होते. नंतर ती वही कुणी उघडत नाही. माल नापास झाला तर तो खर्च क्वालिटीच्या नावावर पडतो. नापास नग तपासणीतून निसटून थेट जोडणीच्या लाइनवर सापडला, तर लाइन थांबल्याचे तास प्रॉडक्शनच्या माथी. उशीर झाला म्हणून ट्रकऐवजी विमानाने माल मागवला, तर ते भाडं वाहतूक खर्चात. पुरवठादाराचा भरवसा नाही म्हणून जास्तीचा साठा ठेवला, तर वर्षअखेरीस 'इन्व्हेंटरी एवढी कशी फुगली' याचा जाब स्टोअरकीपरने द्यायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा कारभार. दर उतरवणाऱ्याच्या नावापुढे मात्र बचतीचा आकडा तसाच राहतो आणि पगारवाढीच्या वेळी तोच वाचला जातो.

एक उदाहरण सांगते. १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट. जिथे हादरे बसतात, भार येतो, अशा जागी हे लागतात. वर्षानुवर्षं एकाकडून येत होते. लिलावात दुसऱ्याने बराच कमी दर दिला आणि ऑर्डर तिकडे गेली. पहिला लॉट आला, कागदपत्रं व्यवस्थित होती, डोक्यावर १०.९ चा शिक्का होता. काही महिन्यांनी दुसरा लॉट आला. सोबतच्या टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर वेगळा होता, म्हणजे पोलाद वेगळ्या वेळी वितळवलेलं. मी सवयीने आधीच्या लॉटचं सर्टिफिकेट फाइलमधून काढून शेजारी ठेवलं. कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस, सगळे आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत तेच. पोलादाच्या दोन वेगवेगळ्या हीट इतक्या तंतोतंत जुळत नसतात. कुणीतरी जुन्या कागदावरचा नंबर आणि तारीख तेवढी बदलली होती. मग कडकपणा तपासायला नग लावले. या ग्रेडला रॉकवेल सी मापावर ३२ ते ३९ यायला हवेत. आमच्या हाती आलेल्या नगांवर काटा २७ च्या आसपास घुटमळत होता.

पुढचा भाग जास्त बोलका आहे. लॉट अडवल्यावर खरेदीतून फोन आला, "मॅडम, या वेळी चालवून घ्या, डेव्हिएशन नोट पाठवतो." ही नोट म्हणजे ठरलेल्या मापात न बसणारा माल स्वीकारायची लेखी सूट. चालवून घेतलं नाही, माल परत गेला. चौकशी केली तेव्हा कळलं की नवा पुरवठादार बोल्ट बनवतच नव्हता. तो व्यापारी होता, त्या त्या वेळी जिथे स्वस्त मिळेल तिथून उचलून डब्यात भरायचा. व्यापाऱ्याकडून घेण्यात काही गैर नाही, पण मग माल कुणाच्या भट्टीतून आणि कुणाच्या हीट ट्रीटमेंटमधून (पोलाद तापवून-थंड करून कडक करण्याच्या प्रक्रियेतून) येतो, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्यावं लागतं आणि बदल करायचा तर आधी कळवायचं बंधन घालावं लागतं. कोटेशनच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. शेवटी जुन्या पुरवठादाराकडे तातडीची मागणी गेली. त्याने तातडीचा दर लावला आणि तो लावायचा त्याला पूर्ण हक्क होता. बचतीच्या तक्त्यावर मात्र बोल्टची ओळ वर्षअखेरपर्यंत हिरवीच, म्हणजे बचतीचीच राहिली.

लेखात पुरवठ्याच्या मुदतीचाही उल्लेख आहे: 'कमी लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) असलेला पुरवठादार निवडा.' इथे मला थेट असहमती नोंदवायची आहे. सरासरी मुदत अर्धीच गोष्ट सांगते. समजा एखाद्या नगाची रोजची गरज ५० आहे आणि त्यात दहाएकचा चढउतार होतो. पहिला पुरवठादार सरासरी ३० दिवसांत माल देतो आणि त्याचं वेळापत्रक साधारण दोन दिवसांनी इकडेतिकडे होतं. दुसरा सरासरी २० दिवसांत देतो, पण कधी बारा, कधी तीस, म्हणजे आठ दिवसांचा चढउतार. कुणालाही विचारा, दुसरा बरा असंच म्हणेल. आता सुरक्षा साठ्याचं रोजच्या वापरातलं सूत्र लावून बघा. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा माल कमी पडू नये एवढीच अपेक्षा धरली, तरी पहिल्यासाठी सुमारे १९० नगांचा राखीव साठा पुरतो. दुसऱ्यासाठी सुमारे ६६० लागतात, साडेतीन पट. कारण मागणीतला चढउतार दिवसागणिक थोडाबहुत एकमेकांत जिरतो, पण मुदतच आठ दिवसांनी हलली की त्या प्रत्येक दिवसाची पूर्ण गरज उघडी पडते. म्हणून तीस दिवस सांगून तीस दिवसांत देणारा माणूस मला वीस सांगून पळवणाऱ्यापेक्षा केव्हाही हवा. हे कळायला खर्च काही नाही. प्रत्येक ऑर्डरची कबूल तारीख आणि गेटवरची तारीख दोन्ही नोंदलेल्या असतात. त्यांतल्या फरकाची सरासरी बहुतेक जण काढतात, फरकातला चढउतार फार थोडे काढतात.

आता तक्त्याविषयी. पुरवठादार निवडताना गुण देण्याची पद्धत हल्ली सगळीकडे आहे आणि आकडे असले की निवड निःपक्षपाती झाली असं मानलं जातं. दराला ५० आणि दर्जा-क्षमतेला ५० गुण धरा. दराचे गुण काढायची सर्रास वापरली जाणारी रीत अशी की आलेल्या कोटेशनमधला सर्वांत कमी दर भागिले त्या पुरवठादाराचा दर, गुणिले ५०. पहिल्याचा दर १०० आणि दर्जाचे गुण ३०. दुसऱ्याचा दर १३० आणि दर्जाचे गुण ४१. पहिल्याचे ८० होतात, दुसऱ्याचे साधारण ७९.५. पहिला जिंकला. आता एक तिसरा येतो, दर ८०, दर्जाचे गुण जेमतेम ५. त्याला ऑर्डर मिळायची शक्यताच नाही, एकूण ५५ वर तो बाद. पण तो आल्यामुळे सर्वांत कमी दर १०० वरून ८० झाला. पहिल्याचे गुण ७० वर घसरले, दुसऱ्याचे ७१.८ झाले आणि ऑर्डर दुसऱ्याला गेली! पहिल्या दोघांनी ना दर बदलला, ना माल. ज्याला हे गणित कळतं त्याला नकली तिसरा उभा करून निकाल फिरवता येतो, आणि फाइल मात्र धुतल्या तांदळासारखी. उपाय अवघड नाही. दर्जाची किमान पातळी आधी ठरवावी आणि तिच्याखालच्यांचे दर उघडूच नयेत. दराचे गुण समोर आलेल्या कोटेशनवरून काढण्याऐवजी आधी लिहून ठेवलेल्या अंदाजित दराच्या तुलनेत काढावेत. त्याहून बरं म्हणजे अपेक्षित नापास नग, साठा, वाहतूक, तपासणी यांचा खर्च प्रत्येकाच्या दरात मिळवून एकच प्रभावी दर काढावा. गुणांपेक्षा पैशात वाद घालणं सोपं जातं.

उलट लिलावाबद्दल आणखी एक. १९७१ मध्ये केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेल उद्योगातल्या तीन अभियंत्यांनी तेलक्षेत्रांच्या लिलावांवर लिहिताना दाखवलं होतं की, सगळ्यांना किंमत अंदाजाने ठरवावी लागते तिथे सर्वांत जास्त बोली लावणारा बहुधा सर्वांत जास्त चुकलेला असतो. अर्थशास्त्रात याला जिंकणाऱ्याचा शाप म्हणतात. खरेदीत बोली उलटी फिरते, त्यामुळे सर्वांत कमी दर देणाऱ्यात बहुधा दोन प्रकारचे लोक निघतात: खरोखर स्वस्तात बनवू शकणारे आणि काम नीट न समजता दर देऊन बसलेले. दुसरा प्रकार ओळखायचा तर दराची फोड मागावी लागते: कच्चा माल किती, मशीनचे तास किती, टूलिंग (साचे-हत्यारं) किती, पॅकिंग किती. ज्याचा कच्च्या मालाचा आकडाच बाजारभावाच्या खाली आहे त्याला ऑर्डर दिली तर पुढे तो एक तर दरवाढ मागतो, नाहीतर माल हलका करतो, नाहीतर काम अर्ध्यावर सोडतो. लिलावाच्या स्क्रीनवर हे काही दिसत नाही. तिथे फक्त खाली सरकणारा आकडा दिसतो.

हे सगळं नवं नाही. १९६६ मध्ये गॅरी डिक्सन या अभ्यासकाने अमेरिका आणि कॅनडातल्या खरेदी अधिकाऱ्यांना पुरवठादार निवडीच्या २३ कसोट्या देऊन त्यांचं महत्त्व विचारलं होतं. दर्जा पहिला आला, वेळेवर पुरवठा दुसरा, आधीची कामगिरी तिसरी. किंमत सहाव्या क्रमांकावर होती. माझा अनुभव असा की प्रश्नावलीत सगळेच दर्जा पहिला लिहितात. ऑर्डर काढताना हात दराच्या रकान्याकडे जातो, कारण साहेब विचारणार तो आकडा तिथे असतो.

एक बाब मात्र लेखकाच्या बाजूने मान्य करते. प्रत्येक वस्तूला एवढी चिकित्सा लागत नाही. व्यवस्थापन सल्लागार पीटर क्राल्यिच यांनी १९८३ मध्ये खरेदीच्या वस्तू दोन प्रश्नांवर वाटून चार कप्पे केले होते: नफ्यावर परिणाम किती, आणि पुरवठ्यात धोका किती. दोन्ही कमी असतील तिथे, म्हणजे कागद, झाडू, पुसायचे कपडे, खुशाल सर्वांत स्वस्त घ्या आणि वेळ वाचवा. परिणाम मोठा पण पुरवठादार भरपूर असतील तिथे लिलावही जरूर लावा, तिथे तो शोभतो. घात होतो तो किमतीने किरकोळ पण मिळायला अवघड असलेल्या वस्तूंत. एखादं सील, एखादा व्हॉल्व्ह. वार्षिक खर्चाच्या यादीत ते इतक्या खाली असतात की वरिष्ठांची नजर तिथवर पोचत नाही.

अशाच एका व्हॉल्व्हची गोष्ट जपानात घडली. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन सेइकी या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. तिथे टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला दाब वाटणारा छोटा व्हॉल्व्ह बनायचा आणि टोयोटा जवळजवळ सगळेच व्हॉल्व्ह तिथूनच घ्यायची. राखीव साठा अगदी थोडा. काही दिवसांतच टोयोटाच्या बहुतेक लाइन थांबल्या. पण दोनशेच्या आसपास पुरवठादारांनी मिळेल त्या मशीनवर व्हॉल्व्ह बनवायला घेतले, त्यात शिलाई यंत्रं बनवणारी ब्रदरसुद्धा होती, आणि आठवड्याभरात उत्पादन पुन्हा मार्गाला लागलं. त्यांनी दरासाठी आधी घासाघीस केल्याचं कुठे वाचलं नाही.

उलट १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत आल्बुकर्क इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. ती काही मिनिटांत विझली, पण धुराने आणि पाण्याने चिप बनवायचे धूळमुक्त कक्ष खराब झाले. नोकिया आणि एरिक्सन दोघींचे फोन त्या चिपवर अवलंबून होते. नोकियाने तातडीने माणसं पाठवली, फिलिप्सच्या इतर कारखान्यांतून आणि दुसऱ्या पुरवठादारांकडून चिप मिळवल्या. एरिक्सनने गांभीर्य उशिरा ओळखलं आणि काही चिपना तिच्याकडे दुसरा पुरवठादारच नव्हता. तिचं सुमारे ४० कोटी डॉलरच्या विक्रीचं नुकसान झालं आणि पुढच्याच वर्षी तिचा फोनचा धंदा सोनीबरोबरच्या भागीदारीत गेला.

गुणवत्तेचे आचार्य मानले गेलेले डेमिंग यांच्या चौदा सूत्रांतलं चौथं सूत्र सांगतं की केवळ दराच्या चिठ्ठीवरून धंदा देऊ नका, आणि एका वस्तूला एकाच पुरवठादाराशी दीर्घकाळचं नातं जोडा. पहिला अर्धा भाग मी कोरून भिंतीवर लावेन. दुसऱ्यावर माझा आक्षेप आहे, निदान महत्त्वाच्या वस्तूंपुरता. सत्तर-तीसची वाटणी करून दुसरा पुरवठादार जिवंत ठेवावा. त्याला नावापुरतं यादीत ठेवून चालत नाही. त्याला खरोखर ऑर्डर द्यावी, त्याचा माल लाइनवर चालवून बघितलेला असावा. आणि दोन पुरवठादार आहेत म्हणून निर्धास्तही होऊ नये. २०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर जगभरातल्या वाहन कंपन्यांना काही चमकदार काळ्या आणि लाल रंगांच्या ऑर्डर थांबवाव्या लागल्या. रंग पुरवणारे वेगवेगळे होते, पण त्यांना लागणारं एक विशिष्ट रंगद्रव्य फक्त मर्क या रसायन कंपनीच्या जपानमधल्या ओनाहामा इथल्या एका कारखान्यात बनत होतं. तेव्हा पुरवठादाराला विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न म्हणजे, "तुम्ही हे कुणाकडून घेता?" उत्तर द्यायला कुरकुरला तर तेही एक उत्तर समजावं.

पुरवठादाराच्या कारखान्याला भेट द्यायची पद्धत असते. सभागृहात चहा, प्रेझेंटेशन, भिंतीवर प्रमाणपत्रं. मी जायची तेव्हा आधी नापास मालाची लाल पेटी बघायची. ती रिकामी आणि चकचकीत असेल तर संशय घ्यावा. सगळा माल चांगला निघतो असा कारखाना माझ्या पाहण्यात नाही, म्हणजे नापास नग तुमच्याच डब्यात जात असणार. मग मोजमापाच्या उपकरणांवरच्या कॅलिब्रेशनच्या (उपकरण अचूक मोजतं ना, हे पडताळल्याच्या) चिठ्ठ्यांच्या तारखा. मग एक प्रश्न: तुमच्या एकूण धंद्यात आमचा वाटा किती? शंभरात एक असेल तर अडचणीच्या वेळी तो आपला फोन उचलणार नाही. सत्तर असेल तर आपण ऑर्डर थोडी कमी केली तरी तो बुडेल, आणि त्याच्यामागून आपली लाइन थांबेल.

शेवटची तक्रार खरेदी करणाऱ्यांबद्दलच आहे. दर पिळायचा, पैसे तीन-तीन महिने अडवायचे, सकाळी दिलेलं वेळापत्रक दुपारी बदलायचं, ड्रॉइंगची जुनी आवृत्ती पाठवायची आणि वर पुरवठादार बेभरवशाचा म्हणायचं. अडकलेल्या पैशांवर तो व्याज भरतो. ते वसूल करायला त्याच्याकडे पोलादाची ग्रेड, हीट ट्रीटमेंटचे तास आणि तपासणीचे नग एवढ्याच जागा उरतात. चांगला पुरवठादार भांडत बसत नाही, पुढच्या वेळी कोटेशनच पाठवत नाही. मग यादीत उरतात ते कुठल्याही अटीवर हो म्हणणारे.

लेखकाला माझी एक विनंती पोचवावी. लेखात ज्या कंपन्यांची बचत छापली आहे, त्यांच्याकडून त्याच ऑर्डरींचे वर्षभरानंतरचे चार आकडे मागावेत: नापास नग, कबूल तारखेपेक्षा उशिरा आलेल्या खेपा, तातडीच्या भाड्याचा खर्च आणि वाढलेला साठा. यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही. माल आल्याच्या पावतीवर ऑर्डर क्रमांक असतो, नापास मालाच्या नोटीवर असतो, विमानाच्या बिलाशी जोडलेल्या विनंतीवरही असतो. बचतीतून हे वजा करून जो आकडा उरेल तो जरूर छापा, कुणाच्या नावाने उरला तेही छापा. काही नावांपुढे तो भक्कम उरेल, आणि ती माणसं कोण हे आम्हा आवकवाल्यांना बहुधा आधीच ठाऊक असेल.

कळावे,
आवक तपासणीतून निवृत्त झालेली एक वाचक